तेल भरणारं नोझल टपकतं आणि वजन फिरतं : दुखणं नेमकं कुठे आहे

लाकडी घाण्याचं तेल बाटल्यांत भरणाऱ्यांकडून वर्षातून पाच-सहा वेळा तरी हाच फोन येतो. नोझल टपकायला लागलंय, लेबलं तेलकट होतायत, काट्यावर एक बाटली भरते जास्त तर दुसरी कमी. फोन करण्याआधी बहुतेकांनी ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी गोल रबरी रिंग, बदललेली असते. दोन आठवडे बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. लातूरला माझं काम फिलिंग मशीन दुरुस्त करण्याचं आणि लेथवर नोझल करून देण्याचं आहे, त्यामुळे ही तक्रार मी इतक्यांदा हाताळली आहे की ती एकदा सविस्तर लिहून ठेवावी असं वाटलं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. टपकणं आणि वजन फिरणं ही एकाच नोझलची दोन वेगळी दुखणी असू शकतात. तेलाचा एक साधा थेंब म्हणजे जेमतेम ०.०३ मिली. दहा थेंब इकडेतिकडे झाले तरी काट्यावर पाव ग्रॅमच्या आसपास फरक दिसेल. थेंबामुळे लेबल खराब होतं, बाटलीची मान चिकट होते, गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण पाच-सहा ग्रॅमचा फरक थेंबांनी पडत नाही. तो दुसरीकडून येतो, आणि तो शोधल्याशिवाय ओ-रिंगा बदलत बसण्यात पैसे जातात.

औशाजवळ एक ताई बचत गटाच्या बायका बरोबर घेऊन घाणा चालवतात. शेंगदाणा आणि करडई. दोन नोझलचं पिस्टन मशीन, ५०० मिलीच्या बाटल्या. त्यांचा तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "ताई, आज काही खोलू नका. फक्त एकाच नोझलच्या सलग आठ बाटल्यांची वजनं मला लिहून पाठवा. प्रत्येक रिकामी बाटली आधी वजन करून, काटा शून्य करून मग भरायची." रिकाम्या पेट (प्लास्टिकच्या) बाटलीचं वजनही एकेक ग्रॅमने वरखाली असतं. ते न काढता तेलावर आळ घेणं चूक.

आकडे आले ते असे : ४५५, ४५८, ४५२, ४५६, ४५४, ४५७, ४५३, ४५५.

शेंगदाणा तेलाची घनता ०.९१ धरली तर ५०० मिलीचे ४५५ ग्रॅम व्हायला हवेत. या आठ आकड्यांची सरासरी काढा, बरोबर ४५५ येते. आता जोड्या बघा. ४५८ नंतर ४५२. ४५६ नंतर ४५४. ४५७ नंतर ४५३. जेवढं एका बाटलीत जास्त पडलं, तेवढंच पुढच्या बाटलीत कमी. म्हणजे पिस्टन दर वेळी अगदी बरोबर माप ढकलतोय. त्याने ढकललेल्या तेलातला थोडा भाग मात्र कधी याच बाटलीत पडतो, कधी नोझलमध्ये अडकून राहतो आणि पुढच्या बाटलीत जातो.

हा पहिला निकष मी सगळ्यांना सांगतो. सरासरी बरोबर आणि आकडे मागेपुढे झुलत असतील तर दोष नोझलच्या टोकाकडे. सरासरीच एका बाजूला सरकली असेल तर दोष पिस्टन, व्हॉल्व्ह किंवा तापमानाकडे. आठ बाटल्या भरायला पाच मिनिटं लागतात आणि कामाची दिशा ठरून जाते.

दुपारी मी तिकडे गेलो. नोझल उतरवलं. स्टीलची सरळ नळी, आतला बोर (पोकळीचा व्यास) १२ मिमी. तेल बंद करणारा व्हॉल्व्ह टोकाला नव्हता. तो वर होता आणि त्याच्या खाली ४० मिमी मोकळी नळी. स्वस्तातल्या कितीतरी मशीनवर हेच असतं, कारण तयार व्हॉल्व्ह आणून खाली नळी जोडली की काम झालं.

त्या ४० मिमी नळीत किती तेल मावतं? १२ मिमी बोरचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंमी, गुणिले ४ सेंमी, म्हणजे साडेचार मिली. वजनात चार ग्रॅम. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर हे चार ग्रॅम कुणाच्याच ताब्यात नसतात. खाली पडायचं की लटकत राहायचं हे त्या क्षणी मशीनला किती हादरा बसला, बाटली किती झटक्याने सरकली, शेजारचं नोझल कधी उघडलं यावर ठरतं. पुढच्या बाटलीला हे चार ग्रॅम आधी भरून काढावे लागतात. वरचे सहा ग्रॅमचे हेलकावे इथूनच आले होते.

यावर ताईंनी फार नेमका प्रश्न विचारला. "दादा, पोरं स्ट्रॉच्या वरच्या तोंडावर बोट ठेवतात तेव्हा सरबत खाली पडत नाही. मग वरून व्हॉल्व्ह बंद असताना या नळीतलं तेल का पडतं?"

सगळी गोम यातच आहे. स्ट्रॉ बारीक असते. खालच्या तोंडाशी द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा असतो आणि हवेला वर शिरू देत नाही. तोंड रुंद झालं की तो पृष्ठभाग डगमगतो, एका बाजूने हवेचा बुडबुडा वर चढतो आणि दुसऱ्या बाजूने द्रव खाली येतो. पाण्यासाठी ही मर्यादा सुमारे १० मिमी व्यासाची आहे. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून तेलासाठी ती साधारण ७ मिमी. हे आकडे नळी अगदी स्थिर असतानाचे. मशीन थरथरत असतं, त्यामुळे तेलासाठी मी ५ मिमीच्या वर भरवसा ठेवत नाही. १२ मिमीचं उघडं तोंड तेल धरून ठेवेल अशी आशाच करू नये.

हे समजलं की उपाय आपोआप दोन दिसतात. एक तर तोंड बारीक भोकांत वाटून टाकायचं, नाहीतर तेल बंद करायची जागा थेट टोकावर आणायची.

पहिला उपाय स्वस्त आणि एका दिवसात होणारा. १२ मिमीच्या एका भोकाऐवजी ४.५ मिमीची सात भोकं, एक मधोमध आणि सहा भोवती. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं : १११ चौरस मिमी, आधीचं ११३. भोकांमध्ये एकेक मिमी धातू ठेवला तर चकती साडेपंधरा मिमीची होते आणि टोकाचा बाहेरचा व्यास १८ मिमीवर जातो. इथे बाटलीच्या मानेकडे लक्ष द्या. २८ मिमी आट्यांच्या पेट बाटलीचं आतलं तोंड २१ ते २२ मिमीचं असतं. १८ मिमी टोक आत गेल्यावर हवा बाहेर यायला सव्वाशेच्या आतच चौरस मिमी जागा उरते, म्हणजे जेवढी तेलाला आत जायला तेवढीच हवेला बाहेर यायला. जमतं, पण यापेक्षा जाड टोक नको. २० मिमीचं टोक करून आणलेलं मी पाहिलंय. त्यात हवा कोंडते, तेलाच्या फुग्यांसकट मानेतून उसळते आणि मंडळी पुन्हा नोझल टपकतं म्हणून फोन करतात.

चकती पातळ ठेवा, ३ मिमी पुरे. तेलासारखा द्रव भोकातून जाताना, भोक जसं बारीक होतं तसा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. भोक १० टक्के बारीक झालं तर तेवढ्याच दाबाला प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. त्यामुळे लांबलचक बारीक नळ्यांचा जुडगा लावला तर पिस्टनवर नाहक ताण येतो, आणि हॉपरमधून, म्हणजे वरच्या तेलाच्या टाकीतून, नुसत्या उतारावर भरणाऱ्या मशीनचा वेग पार बसतो.

आता यातली एक बारीकशी गोष्ट, जी टर्नरला शेजारी उभं राहून सांगावी लागते. ड्रिल खालून बाहेर पडताना भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक उठलेली कड, राहते. नखाने चाचपलं तर लागते, डोळ्याला दिसत नाही. त्या बरेवर तेलाची धार वाकडी होते, सातांतल्या दोन धारा एकमेकींना चिकटतात आणि बाटलीच्या मानेवर आपटतात. प्रत्येक भोक खालून काउंटरसिंकने (भोकाच्या तोंडाला उतार देणाऱ्या शंकूच्या ड्रिलने) हलकेच मोकळं करा. भोकांमधली सपाट जागाही त्याने कमी होते आणि तिथे थेंब साठायला आधार राहत नाही. ताईंचं पहिलं टोक मी बनवलं तेव्हा पाच भोकं साफ केली होती आणि दोन राहून गेली. उजेडासमोर धरल्यावर त्या दोन भोकांची कड चमकताना दिसली. तेवढं काढल्यावर सातही धारा सरळ पडल्या.

थेंब कुठून लोंबतो हेही एकदा नीट पाहा. टोकाची खालची कड सपाट आणि जाड असेल तर तेल त्या सगळ्या सपाटीवर पसरतं आणि थेंब बाहेरच्या व्यासावरून लोंबतो. मोठा घेर, मोठा थेंब. शास्त्रज्ञ थॉमस टेट यांनी १८६४ साली हे मांडलं होतं : थेंबाचं वजन तो ज्या घेरावरून सुटतो त्या घेराच्या प्रमाणात असतं. म्हणून टोकाला बाहेरून ३० अंशांचा उतार द्यायचा आणि कड धारेसारखी करायची, सपाटी ०.३ मिमीपेक्षा जास्त ठेवायची नाही. घरात पातेल्यातून दूध हळू ओतलं की ते कडेवरून मागे वळून पातेल्याच्या पोटावर ओघळतं, हे प्रत्येकाने पाहिलंय. शास्त्रज्ञ मार्कस राइनर यांनी १९५६ मध्ये या ओघळण्याला चहाच्या किटलीचं नाव दिलं. तेलाच्या बुधलीला आपल्याकडे पूर्वीपासून पातळ, पुढे झुकलेली चोच असते ती याचसाठी. नोझलच्या कडेलाही तीच चोच हवी. पाण्यासारख्या द्रवांना टेफ्लॉनचं टोक लावून बराच फायदा होतो. तेल टेफ्लॉनवरही बऱ्यापैकी पसरतं, म्हणून तेलासाठी मी टेफ्लॉनपेक्षा धारदार कडेवर जास्त विसंबतो.

दुसरा उपाय खर्चाचा, पण माझ्या मते रोज पाचशेच्या वर बाटल्या भरणाऱ्याने तोच करावा. नळीच्या आतून ६ मिमीचा दांडा, त्याच्या खालच्या टोकाला शंकू, आणि नळीच्या अगदी तोंडाशी सीट, म्हणजे शंकू टेकून बंद होतो ती कड. वरचा छोटा एअर सिलेंडर दांडा उचलतो तेव्हा तेल वाहतं, खाली दाबतो तेव्हा तोंडाशीच बंद होतं. खाली उरतच नाही काही, मग पडणार कुठून?

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे दांडा पुरेसा न उचलणं. १० मिमीच्या भोकाला ६० अंशांचा शंकू असेल तर तो किमान ५ मिमी वर गेला पाहिजे, तेव्हा कुठे शंकूभोवतीची फट भोकाइतकी मोकळी होते. मी ७ मिमी ठेवतो. कमी उचलला तर तेल पातळ पडद्यासारखं फवारतं आणि फेस धरतं. दुसरी चूक शंकूवर ओ-रिंग बसवण्याची. सुरुवातीला छान बंद होतं, पण तेलाचा झोत रिंगला खाचेतून ओढत राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत ती एका बाजूला बाहेर येते. टेफ्लॉनचा शंकू आणि स्टीलची धारदार सीट, एवढंच ठेवा. शंकू झिजला की लेथवर अर्धा मिमी घासून परत बसवता येतो.

खाली येणारा दांडा बंद होताना थोडं तेल पुढे ढकलतो, अशी शंका काहींना येते. ढकलतो खरा. ६ मिमीचा दांडा ७ मिमी खाली आला की ०.२ मिली. पण ते दर वेळी तेवढंच असतं, त्यामुळे पिस्टनच्या मापात एकदा धरून टाकलं की विषय संपला. आपलं वैर कमी-जास्त होण्याशी आहे. कायम तेवढंच राहणाऱ्या फरकाशी नाही.

ताईंच्या मशीनला आम्ही आधी भोकांची चकती लावली. आठ बाटल्या पुन्हा मोजल्या : सगळ्यात कमी ४५४, सगळ्यात जास्त ४५६. मी समाधानाने घरी आलो.

बारा दिवसांनी परत फोन. "दादा, थेंब थेंब पडतंय. हळूहळू, पण थांबत नाही."

इथे दुसरी परीक्षा कामी येते. भरणं थांबवा, नोझलखाली कोरा कागद ठेवा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं फक्त बघा. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत तीन-चार थेंब पडून मग काहीच नाही, असं झालं तर टोकाखालचं उरलेलं तेल निथळतंय. ठरावीक अंतराने थेंब पडतच राहिला तर वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. शेजारचं नोझल चाललं की यातून थेंब पडत असेल तर हादऱ्याने हवा आत शिरतेय. आणि थेंब तोंडाच्या मधून न पडता बाहेरच्या अंगाने ओघळत येत असेल तर कड बोथट झालीय. ताईंकडे दर चाळीस सेकंदांनी एक थेंब, पाचही मिनिटं. म्हणजे व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह खोलला तर सीटवर पिवळसर, चिकट पापुद्रा. बोटाने घासला तरी निघेना, नखाने खरवडावा लागला. हे करडईचं तेल. करडई, जवस ही सुकणारी तेलं आहेत. हवेत पातळ थराने राहिली की प्राणवायू घेऊन घट्ट होतात, रंगात जवसाचं तेल वापरतात ते याच गुणामुळे. शेंगदाण्याच्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही, पण करडई भरून मशीन दोन दिवस बंद ठेवलं की सीटवर तो पापुद्रा धरतो. व्हॉल्व्ह बंद व्हायला जातो आणि केसाएवढी फट उरते. ओ-रिंग बदलताना माणूस हाताने सीट पुसतो, म्हणून दोन आठवडे बरं वाटतं. श्रेय ओ-रिंगला जातं, आणि दुखणं परत येतं.

करडई भरून झाली की त्याच दिवशी नोझल आणि व्हॉल्व्ह गरम पाणी व सोड्याने धुवायचे, साध्या पाण्याने दोनदा खळबळायचे आणि पूर्ण कोरडे करून बसवायचे. पाण्याचा अंश तेलात जाता कामा नये, त्यामुळे कोरडं करण्यात घाई नको. स्टीलवर चाकू किंवा वायर ब्रश चालवू नका. सीटवर एक ओरखडा उमटला की तिथून कायमची गळती सुरू होते.

तिथेच अजून एक गोष्ट निघाली. पिस्टनच्या ओ-रिंगा काढून नव्या रिंगांशेजारी ठेवल्या तर जुन्या चक्क मोठ्या दिसत होत्या, खाचेत ढिल्या बसत होत्या. मागच्या वेळी कुणीतरी शाम्पूच्या मशीनच्या किटमधल्या रिंगा घातल्या होत्या. ते रबर ईपीडीएम. पाणी, साबण, वाफ यांना ते उत्तम, पण तेलात फुगतं. तेलाला नायट्राइल रबर हवं. दोन्ही काळीच असतात, नुसतं बघून ओळखता येत नाहीत. खात्री नसेल तर एक रिंग वाटीभर तेलात आठवडाभर बुडवून ठेवा आणि नवीशी ताडून बघा. फुगलेली रिंग पिस्टनला मध्येच जखडते. मग माप कमी पडतं आणि सरासरीच खाली सरकते.

सरासरी सरकण्यावरून आणखी एक कारण सांगायलाच हवं, कारण त्यात नोझलचा काडीचाही दोष नसतो आणि तरी सगळा राग त्याच्यावर निघतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमधलं तेल सकाळी २५ अंशांना असतं, दुपारी ४० च्या पुढे. तेल तापलं की फुगतं, अंशामागे साधारण ०.०७ टक्के. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतो आणि ६० अंशांना ८९३ च्या आसपास. पिस्टन माप घेतो मिलीत, काटा बोलतो ग्रॅममध्ये. त्यामुळे सकाळी ४५५ दाखवणारी बाटली दुपारी ४५० दाखवेल आणि तरी तिच्यात ५०० मिली असतीलच. दुपारी पिस्टनचा बोल्ट फिरवून वजन वाढवायचं आणि सकाळी परत कमी करायचं, असं रोज करणारी माणसं मी पाहिलीत. तेलाचं तापमान आणि वजन दोन्ही एकाच वहीत लिहा, मग कारण दिसतं.

खाद्यतेलात हे जास्तच महत्त्वाचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये तेल भरणाऱ्यांना लेबलवरचं तापमान काढून मिलीबरोबर वजनही लिहायला सांगितलं आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. म्हणजे ग्रॅमचा आकडाही आता पाळावा लागतो. उपाय सरळ आहे. दुपारच्या गरम तेलावर पिस्टन असा लावा की ग्रॅम पुरे पडतील, किंवा भरायचं काम सकाळी उरका. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांत ५०० मिलीच्या एखाद्या बाटलीत ३ टक्के, म्हणजे १५ मिलीपर्यंत कमी चालतं आणि १ लिटरलाही १५ मिलीच. पण तपासलेल्या नगांची सरासरी लिहिलेल्या मापापेक्षा कमी असता कामा नये. आकडे सहा ग्रॅमने झुलत असले की माणूस घाबरून सरासरी वर उचलून ठेवतो. बाटलीमागे ३ मिली जादा म्हणजे हजार बाटल्यांना ३ लिटर तेल रोज फुकट. नोझल सुधारण्याचा खर्च यातूनच निघून येतो.

ज्यांच्याकडे टोकावर बंद होणारं नोझल आधीपासून आहे आणि तरी वजन फिरतं, त्यांनी वेळा तपासाव्यात. आधी पिस्टन थांबला पाहिजे, मग नोझल बंद व्हायला हवं, मध्ये सेकंदाचा दहावा भाग. नोझल आधी बंद झालं तर पिस्टन बंद दारावर ढकलत राहतो, मऊ सिलिकॉनची पारदर्शक नळी फुगते आणि पुढची बाटली उघडताच तेवढं तेल पिचकारीसारखं बाहेर येतं. हाताने नळी धरून बघा, दर फटक्याला नाडीसारखी उडताना लागेल. विणीची (आत जाळी विणलेली, न फुगणारी) नळी लावा आणि वेळ दुरुस्त करा. कॉम्प्रेसर दुसऱ्या मशीनशी वाटून घेतलेला असेल तर दाब पडल्यावर नोझलचा सिलेंडर सुस्तावतो आणि हीच वेळ चुकते. अशा वेळी मशीनजवळ एक छोटी एअर टाकी आणि रेग्युलेटर पुरतो.

काही मशीनवर तेल बंद झाल्यावर ते थोडं मागे ओढून घेण्याची सोय असते. चांगली आहे, पण हात राखून वापरा. तोंडापासून तीन-चार मिमी वर गेलं की बस. जास्त ओढलं तर हवेचा बुडबुडा आत जातो, पुढच्या बाटलीत आधी फुर्र करून थुंकतो आणि शिंतोडे मानेवर बसतात.

काकवी किंवा मध भरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे थेंब पडत नाही, तार लागते. बाटली पुढे सरकली तरी तार तुटत नाही आणि तीच आट्यांवर बसते. घट्ट द्रवांचा चिकटपणा तापमानाने फार झपाट्याने बदलतो. ग्लिसरीन २० अंशांवरून ३० वर नेलं तर चिकटपणा निम्म्याहूनही कमी होतो. त्यामुळे कोल्हापूरकडे थंडीत काकवी भरणारे हॉपर कोमट ठेवतात पण नोझल उघड्या हवेत गार असतं, आणि तार नेमकी तिथे जाड होते. नोझलभोवती गरम पाण्याचा कोट द्या. बंद होणं सावकाश नको, झटक्यात हवं. बाटली तोंडाजवळ आणून, बंद झाल्यावर वेगाने खाली नेली तर तार बाटलीच्या आतच तुटते. खोबरेल भरणाऱ्या कोकणातल्या मंडळींनीही नोझलच्या तापमानाकडे बघावं, कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं आणि पहाटेच्या पहिल्या दहा बाटल्या कमी भरतात.

फिनाइल, भांडी घासायचं लिक्विड अशा फेसाळ मालाला टोक बाटलीच्या तळापर्यंत उतरवून, भरत जाईल तसं वर उचलणारं नोझलच लागतं. वरून धार सोडून फेस टाळता येत नाही.

ताईंकडे आता शेंगदाण्याला भोकांची चकती आहे. करडईला शंकूचं वेगळं नोझल, लाल फीत बांधलेलं, म्हणजे अदलाबदल होत नाही. दर सोमवारी सकाळी एक मुलगी आठ बाटल्या मोजून वहीत लिहिते, बाजूला तेलाचं तापमान. गेल्या सोमवारचं पान त्यांनी फोटो काढून पाठवलं : २७ अंश, कमीत कमी ४५५, जास्तीत जास्त ४५६. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, "करडईचा शंकू थोडा झिजलाय, दादांना घासायला द्यायचा." शंकू काल आला, अर्धा मिमी घेतला, आज परत पाठवतोय.